कॅम्पिंग ट्रेलरच्या प्रवासात कोणती अवजारे सोबत ठेवावीत?

नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो आणि येत्या हिवाळ्यात बोलेरोमागे दोन चाकांचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडून लोणार व तिथून परतवाड्यामार्गे चिखलदरा असा सहकुटुंब प्रवास करण्याचा विचार आहे. अवजारांची पेटी जड झाली की घाटात ब्रेकवर ताण येतो, म्हणून नेमके काय घ्यावे याबाबत मार्गदर्शन हवे आहे.

ट्रेलरच्या नटांचे माप गाडीपेक्षा वेगळे असल्याने त्याचा पाना, १२ व्होल्टचा टेस्टर, फ्यूज, पक्कड आणि पंक्चरचे साहित्य घेणार आहोतच. जॅकखाली ठेवायला सागाची जाड फळीही आहे, कारण आपल्या काळ्या मातीत, विशेषतः ओलिताच्या शेताकडेला, गाडी वर उचलली जाण्याऐवजी जॅकच खाली जातो.

खरी अडचण चाकाच्या बेअरिंगची आहे. गावोगावी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री भेटतात, पण आमच्या मापाचे बेअरिंग त्यांच्याकडे असेलच असे नाही. तेव्हा केवळ बेअरिंग, सील व ग्रीस जवळ ठेवून काम मिस्त्रीकडून करून घ्यावे, की हातोडा, छिन्नी, मोठा पाना असा सगळा सरंजाम न्यावा? तसेच चाक बदलल्यानंतर काही अंतराने नट पुन्हा आवळताना टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) लागतोच का, हेही कृपया सांगावे.