दगड किती, ते आधी मोजा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यांत टांगलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं "रविवर्म्याच्या तैलचित्राचा फोटो काढून छापलेली" असं कुणी कुणी म्हणतं. मूळ चित्रं रंगवलेली हे बरोबर, फोटो मात्र चूक. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा चुनखडीचा दगड लागे. त्यावर चिकट शाईने चित्र उलटं काढायचं, दगड ओला करायचा आणि रूळ फिरवायचा. पाणी धरलेला भाग शाई घेत नाही. एकच कागद इतक्या वेळा दाबाखाली जातो, आणि दमट हवेत तो फुगतो. मग रंग सरकतो: ओठांची लाली हनुवटीवर!

ओळखायचं असेल तर भिंग घ्या. दगडावर हाताने टाकलेले रंगाचे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात; जाळीसारखे एका ओळीत असतील तर छपाई नंतरच्या काळातली. साबण-औषधांच्या कंपन्यांनी कॅलेंडरांसाठी अशीच देवादिकांची चित्रं उचलली. आणि हो, आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळकेही याच छापखान्याच्या कामात होते. त्यांचा चित्रपट 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, म्हणजे त्या कामाच्या नंतरचा.