मातीच्या ‘बफर’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: माती परीक्षणाच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. आम्ल पडो वा अल्क, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) जागचा हलू न देणं हा मातीचा गुण. मी ‘प्रतिरोधक्षमता’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘उभयरोधिता’ केलं. शेतकऱ्याला हे कळेल?

माळरान: दोन्ही नकोत. ‘प्रतिरोध’ रोगाचा वाटतो. आमच्याकडे म्हणतात, जमीन गंधक पचवते. ऊस केवडा पडला, म्हणजे पानं पिवळी-पांढरी झाली, की गंधक टाकतात; त्याचं मातीत आम्ल होऊन सामू उतरावा, पण 8.2 होता तो 8.2च. ढेकळावर पातळ ॲसिडचा थेंब सोडा, फसफसते ती चुनखडी. वरच्या 15 सेंटीमीटरांत 1 टक्का चुनखडी म्हणजे हेक्टरी साधारण 20 टन. ती संपवायलाच 6 टनांवर गंधक हवं. ‘पचनशक्ती’ लिहा.

जांभाकातळ: पचवते ती एकटी चुनखडी नव्हे. चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ कॅल्शियम, हायड्रोजन धरतात, सोडतात. काळ्या चिकणमातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पुष्कळ धरतं, आमच्या जांभ्यातलं केओलिनाइट हे खनिज फार थोडं, शिवाय पाऊस चुना धुऊन नेतो. म्हणून ‘सामूधारणा’.

शब्दवेडी: ‘धारणा’ म्हटलं की पाणी आठवतं, जलधारणाशक्ती.

जुनाकोश: मुळात ‘सामू’ तरी कुठे सोपा होता? सोरेनसेननं 1909 साली पीएच मांडला. आपला ‘सामू’ मला ‘सामर्थ्या’वरून आलेला वाटतो. तो रुळला, तशी ‘उभयरोधिता’ही रुळेल. वापरायच्या आधीच शब्द टाकून द्यायची सवय वाईट.

माळरान: सामू रुळला कारण दोन अक्षरी आहे. ‘बफर’च ठेवा, रेल्वेच्या डब्याचे बफर सगळ्यांनी पाहिलेत.

शब्दवेडी: बफर धक्का खातो एवढंच त्यातून कळतं. मला सांगायचंय ते वेगळं: रेताड आणि चिकण, दोन्ही मातींचा सामू 5.5 असला तरी तो 6.5 करायला चिकणीला कितीतरी जास्त चुना लागतो. नुसता आकडा बघून मात्रा ठरवू नये, हे शब्दातून पोचायला हवं.

जांभाकातळ: मग ‘सामूचा चिवटपणा’?

जुनाकोश: चिवट जमीन म्हणजे नांगराला चिकटणारी. चोपण.

माळरान: चोपण म्हणजे सोडियम चढलेली, तिला जिप्सम लागतं. ओली असताना चिकटते ती कुठलीही भारी जमीन.

जुनाकोश: आमच्या गावात क्षारपडीला, म्हणजे क्षार साचलेल्या जमिनीलाही चोपणच म्हणतात.

माळरान: म्हणत असतील, पण उपाय वेगळे आहेत. क्षारपडीला निचरा आणि गोडं पाणी पुरतं, चोपणीला आधी जिप्सम घालून सोडियम हटवावा लागतो. पुस्तिकेत हे दोन शब्द एक करू नका.