वायपर फक्त जलद गतीवर चालतो. स्विच घरी दुरुस्त करता येईल का?

चाळीसगावकर:
माझ्या बारा वर्षे जुन्या गाडीचा वायपर आठवड्यापासून केवळ जलद गतीवर चालतो. मंद गतीवर किंवा थांबून-थांबून चालण्याच्या खुणेवर स्टिअरिंगजवळची दांडी ठेवली, तर तो हलत नाही. मात्र दांडी बोटाने किंचित वर रेटून धरली, की मंद गती दोन-चार फेऱ्यांपुरती येते. परवा कन्नडच्या घाटात भुरभुर पावसात अर्धवट कोरड्या काचेवर रबर करकरत असल्याने दर वळणावर वायपर चालू-बंद करावा लागला. गॅरेजमध्ये संपूर्ण कॉम्बिनेशन स्विच (या दांडीचा एकत्रित स्विच) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो घरी उघडून पाहावा का?

भुसावळचा वायरमन:
भाऊ, दांडी रेटल्यावर गती येते, यातच बरेचसे उत्तर आहे. जलद गती चालते, त्याअर्थी फ्यूज शाबूत आहे. मोटरमध्ये मंद आणि जलद गतीसाठी वेगवेगळे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) असतात आणि मंद गतीचा कार्बन झिजला तरी हेच लक्षण दिसते. परंतु तसे असते तर दांडी रेटल्याने काहीच फरक पडला नसता. तरीही स्विचचा कपलर (तारांचा प्लग) काढून, दांडी मंद गतीवर ठेवून, मल्टिमीटरने संबंधित पिनांमधील जोड तपासा. दांडी हलवताना आकडा नाचू लागला, तर दोष स्विचमध्येच आहे. ही पाच मिनिटांची तपासणी न करता लोक मोटर विकत आणतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

जळगाव_४२५००१:
वरील मताशी सहमत आहे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबा, कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असू शकते. स्टिअरिंग चाक काढू नका. अनेक गाड्यांत खालचे-वरचे प्लास्टिक आवरण सोडवले की दांडीचा स्विच दोन स्क्रूंवर किंवा खटक्यांवर बाहेर येतो. तो परातीत पांढरे फडके अंथरून उघडा, कारण आतील स्प्रिंग आणि बारीक छर्रा हमखास उडतो. आपल्याकडची धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून उन्हाळ्यात डांबरासारखी घट्ट होते. ती कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे जोड साफ करण्याच्या फवाऱ्याने) काढा. पेट्रोल वापरू नका, त्याने प्लास्टिक खराब होऊ शकते. काळवंडलेल्या पट्ट्या घासकागदाने नव्हे, तर साध्या खोडरबराने पुसा, म्हणजे त्यांवरील मुलामा टिकेल.

चाळीसगावकर:
दोघांचेही आभार. मल्टिमीटरचा आकडा खरोखरच नाचत होता. आत मंद गतीच्या तांब्याच्या पट्टीवर काळा थर होता आणि तिचा ताणही गेला होता; ती पुसून चिमट्याने केसभर वर उचलली. छर्रा परात ओलांडून दिवाणाखाली गेला आणि तो शोधण्यात दुरुस्तीपेक्षा अधिक वेळ गेला. मंद गती आता न रेटता चालते. थांबून-थांबून चालणे मात्र अजूनही बंद आहे. त्यासाठी रविवारी रिले (वायपरची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून पाहणार आहे.