मदत हवी आहे : ऑपरेशन झालेली मांजर पुन्हा माजावर
नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यात खेड्यावर राहतो. आमच्या मांजरीचं, मनीचं, नसबंदीचं ऑपरेशन गेल्या दिवाळीत झालं, टाकेही छान भरले. आता मात्र माजावर आल्यासारखी करते. रात्रभर घोगरं ओरडते, छपरीत लोळते, पाठीवर हात ठेवला की पुढून दबून शेपूट बाजूला घेते. बोके कवेलूंवरून हलत नाहीत. काही दिवस शांत, मग पुन्हा तेच. खाणंपिणं, लघवी बरोबर आहे.

अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर असं होतं, हे माहीत आहे. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरवलंय. माज सुरू असतानाच न्यावं का? आधी हार्मोनची रक्ततपासणी करतात की सोनोग्राफी? दुसरं ऑपरेशन कोणाच्या मांजरीचं झालंय का? या उन्हात एवढा एसटीचा प्रवास तिला झेपेल का, याचीच फार काळजी लागली आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.