मदत हवी आहे: व्हार्क प्रश्नावली आणि परीक्षेचे गुण यांचा मेळ कसा घालायचा?

मुंबईत पहिल्या वर्षाच्या नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांवर अभ्यासशैली व गुण असा छोटा प्रकल्प आखतोय. व्हार्क म्हणजे दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती या चार शैलींकडे कल किती, हे मोजणारी प्रश्नावली. संख्याशास्त्र किंवा वैद्यकीय शिक्षणशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया सांगावं.

पहिली अडचण विश्लेषणाची. व्हार्कच्या 16 प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय निवडता येतात, त्यामुळे प्रत्येकाची बेरीज वेगळी येते. शिवाय बरेच जण मिश्र शैलीत जातात आणि निव्वळ 'दृश्य' गटात मोजकेच उरतात. इतक्या असमान गटांवर अनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) लावण्यात अर्थ नाही असं वाटतं. मग क्रुस्काल-वॉलिस (क्रमवारीवरून गटांची तुलना करणारी चाचणी) घ्यावी, की गटच न पाडता चारही शैलींच्या गुणांकांचा परीक्षेच्या गुणांशी स्पिअरमन (क्रमवारीवर आधारित) सहसंबंध काढावा?

दुसरं, दोन अभ्यासक्रमांचे पेपर वेगळे. दोन्हीकडचे गुण सरळ एकत्र करणं चूकच, म्हणून प्रत्येक तुकडीत झेड-स्कोअर (गुण तुकडीच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर आहेत ते) काढायचा विचार आहे. बारावीचे गुणही धरायला हवेत, नाहीतर आधीची तयारीच शैलीच्या नावावर खपेल.

आणि मूळ शंका: शैलीनुसार शिकवल्याने गुण वाढतात याला भक्कम पुरावा नाही, हे 2008 च्या पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यापासून माहीत आहे. तेव्हा व्हार्क सोडून शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन बिग्ज यांची सखोल-वरवरचा अभ्यास मोजणारी 20 प्रश्नांची प्रश्नावली घ्यावी का? तिचं तपासलेलं मराठी भाषांतर कुणाकडे आहे? नसेल तर उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत, ताडून पाहायला) आणि पूर्वचाचणी किती जणांवर करावी?

गुण जोडायला नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. कोणता क्रमांक कुणाचा ही यादी शिकवणाऱ्यांकडे ठेवू नये, एवढं नक्की; मग कुणाकडे ठेवता?