मिसकॅरेजनंतर ‘तीन महिने चान्स घेऊ नका’ हे सरसकट सांगणं आता बंद करा

मुळाकाठची (धागा)

स्पष्टच लिहिते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं, पिशवी पूर्ण रिकामी झाली, ताप नाही, ब्लीडिंग थांबलं, आणि बाईला स्वतःला परत चान्स घ्यायचाय, तर तिला तीन महिने थांबवून ठेवायला फारसा आधार उरलेला नाही. तरी पुण्यात कुठेही जा, डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ तीच. मी कारण विचारलं तर ‘पिशवीला आराम हवा’ एवढंच उत्तर मिळालं, पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

हे थांबायला सांगणं आलं कुठून ते शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तज्ज्ञ बोलावले आणि गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबा अशी शिफारस निघाली. ती मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासावर उभी होती आणि त्यात आपोआप झालेला गर्भपात आणि करवून घेतलेला गर्भपात वेगवेगळे काढताच आले नव्हते. नंतर २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या ३० हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या, तर सहा महिन्यांच्या आत परत दिवस गेलेल्यांमध्ये दुसऱ्यांदा मिसकॅरेज उलट कमी निघालं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे हजार बायकांचा अभ्यास आला, त्यात तीन महिन्यांच्या आत प्रयत्न सुरू केलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना मूल झालं आणि त्याहून जास्त थांबलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना.

शरीराचंही तेच सांगणं आहे. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पण बीज त्याआधीच, कधीकधी दोन आठवड्यांतही बाहेर पडतं. म्हणजे शरीर तयारीला लागलेलं असतं आणि बाई कॅलेंडरवर फुल्या मारत बसलेली असते. मनाने थांबायचं असेल तर वर्षभर थांबा, कोण अडवतंय, पण ते तिने ठरवावं.

कर्वेनगरची मावशी

अगं, तू लिहिलंस ते अभ्यास खरे असतील, मी नाही म्हणत नाही. पण हे तीन महिने कोणासाठी असतात ते तुला दिसत नाहीये. माझ्या पुतणीचं झालं तेव्हा आठव्या दिवशी सासू विचारायला लागली, आता पुढचं कधी. पोरीला जिना चढताना धाप लागत होती. तिच्या डॉक्टरीण बाईंनी सासूला आत बोलावून सांगितलं, तीन महिने नाव काढायचं नाही. त्या एका वाक्यावर ती पोर झोपली, जेवली, अळिवाची खीर खाल्ली, माहेरी राहून आली. ‘मला नको’ म्हणाली असती तर कोणी ऐकलं असतं? आपल्याकडे बाईच्या नाही म्हणण्याला किंमत नाही, डॉक्टरच्या कागदाला आहे. तो कागद काढून घ्यायला निघालीस तर आधी विचार कर.

आणि गर्भपात म्हणजे बाळंतपणच. आमच्या आजीच्या वेळी चाळीस दिवस कानाला फडकं बांधून ठेवायचे. तसं करा असं मी सांगत नाही, पण तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन हिंजवडीची बस पकडायची हे मला पटत नाही.

निशिगंध३७

मावशी, तुमचा मुद्दा पोचला, पण मी ३७ ची आहे. पस्तिशीनंतर प्रत्येक पाळी मोजून जाते. आमच्या घरात कोणी मागे लागलेलं नाही, मला आणि नवऱ्याला दोघांनाच हवंय. मलाही हाच सल्ला मिळाला, वय न बघता, रिपोर्ट न बघता. पंचविशीतल्या मुलीला आणि मला एकच छापील ओळ कशी काय लागू पडते?

रात्रपाळीची सिस्टर

गायनॅक वॉर्डात बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. दोघींचंही अर्धं अर्धं पटलं.

आधी एक. ज्यांना थांबावंच लागतं अशा बायका असतात आणि त्यांनी हा धागा वाचून घाई करू नये. द्राक्षगर्भ निघाला असेल, म्हणजे मोलर, गर्भाऐवजी द्राक्षांसारखा घड वाढलेला, तर रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे दिवस गेल्यावर वाढणारं हार्मोन, खाली येऊन फॉलोअप संपेपर्यंत चान्स घ्यायचाच नाही, कारण नवीन दिवस गेले की जुना आजार परत वाढतोय का ते कळेनासं होतं. नळीत गर्भ होता आणि मेथोट्रेक्सेट दिलंय तर साधारण तीन महिने थांबायचं, ते औषध फॉलिक अ‍ॅसिडच्याच विरोधात काम करतं. पिशवीत तुकडे राहिले, ताप आला, घाण वास येतोय, तर आधी ते निस्तरायचं. थायरॉइड, शुगर हाताबाहेर असेल तर तेही. पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलेलं असेल तर तो वेगळाच विषय आहे, तिथे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मुळाकाठची यांना माझा खरा विरोध कुठे आहे तर तुमचे अभ्यास स्कॉटलंड-अमेरिकेचे आहेत. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणजे मिसकॅरेजच्या आधीच कमी. त्यात दहा दिवस ब्लीडिंग. माझ्यासमोर बाई येते, खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरीफटक, हिमोग्लोबिन आठ, आणि विचारते सिस्टर पुढच्या महिन्यात चालेल का. नाही चालणार. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरायला त्यापुढे अजून तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात. त्यामुळे आपल्याकडच्या खूप बायकांना तीन महिने हे बरोबरच उत्तर आहे, फक्त कारण ‘पिशवीचा आराम’ हे नाही, रक्त हे आहे.

आणि एक, त्या ५३ विरुद्ध ३६ वर उड्या मारू नका. कोणी कधी प्रयत्न सुरू करायचे हे त्या बायकांनीच ठरवलं होतं. ज्यांना लवकर बरं वाटलं त्यांनीच लवकर सुरुवात केली असणं शक्य आहे. घाई केल्याने मूल होतं असं त्यातून निघत नाही, लवकर सुरू केल्याने नुकसान दिसलं नाही एवढंच निघतं.

मुळाकाठची

सिस्टर, नुकसान दिसलं नाही एवढंच मलाही म्हणायचंय, आणि तेवढं पुरेसं आहे. पण बघा ना, रक्ताचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, तर मग कागदावर ‘हिमोग्लोबिन कमी, गोळ्या सुरू, सहा आठवड्यांनी परत तपासा’ असं का नाही लिहीत? माझं हिमोग्लोबिन मिसकॅरेजनंतर कोणी तपासलंच नाही. क्युरेटिंगच्या, म्हणजे पिशवी खरवडून साफ करण्याच्या, आधी तपासलं होतं, नंतर नाही. मग तीन महिने कशाच्या जोरावर? आणि गोळ्या न घेता तीन महिने नुसते बसून काढले तर रक्त आपोआप वाढणार आहे का? नुसतं थांबणं म्हणजे उपचार नाही.

वाकडवाला

पुरुष म्हणून लिहितोय, चालत असेल तर. आम्हाला डॉक्टरांनी एक पाळी येऊ द्या म्हणून सांगितलं आणि कारणही सांगितलं, की पाळी आली की पुढच्या वेळी तारीख मोजायला सोपं जातं आणि जुन्या-नव्याचा गोंधळ होत नाही. हे फार उपयोगी पडलं कारण बायकोने मधेच घरी यूपीटी, म्हणजे लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, केली आणि दुसरी रेघ फिकट आली. आम्ही दोघं बाथरूमच्या दारात ती पट्टी ट्यूबलाइटखाली धरून बघत होतो, आनंद मानायचा का घाबरायचं तेच कळेना. नंतर समजलं की जुनं एचसीजी रक्तातून जायला काही आठवडे लागू शकतात, ती रेघ त्याचीच होती. हे आधी कोणी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती.

बाकी मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. सगळे तिला विचारत होते, स्कूटर चालवत होतीस का, स्पीड ब्रेकरवर दणका बसला का, पपई खाल्लीस का. पहिल्या तीन महिन्यांतल्या मिसकॅरेजपैकी जवळपास निम्म्यात गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते. ते त्या जिवाचं सुरुवातीपासूनच तसं होतं. सिंहगड रोडचा खड्डा गुणसूत्रं बदलत नाही. ‘तीन महिने आराम’ या सल्ल्यात तोच आरोप लपलेला असतो, की तू आराम केला नाहीस म्हणून गेलं.

कर्वेनगरची मावशी

आरोप नाही हो त्यात. आरामाला एवढं नावं ठेवण्यासारखं काय आहे? तुम्ही शिकलेले नवरा-बायको, दोघांचं एकमत, तुमचं वेगळं.

अबोली

मला क्युरेटिंगबद्दल कोणी सांगाल का? माझी दोनदा झाली आणि आता पाळी अगदी डागापुरती येते. सासरचे म्हणतात चांगलंय, कटकट कमी.

रात्रपाळीची सिस्टर

अबोली, हे चांगलं नाही, दाखवून घ्या. क्युरेटिंगनंतर, विशेषतः परत परत झाल्यावर, काहीजणींच्या पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, त्याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात. पाळी खूप कमी होणं किंवा बंद होणं ही त्याची मोठी खूण. हिस्टेरोस्कोपीत, म्हणजे दुर्बीण घालून, बघता येतं आणि तेव्हाच सोडवताही येतं. असेलच असं नाही, पण ‘कटकट कमी’ म्हणून सोडू नका. आणि दोन मिसकॅरेज झालेत म्हणजे आता बाकीच्या तपासण्यांचंही विचारा, अँटीफॉस्फोलिपिडची (रक्त गोठण्याशी संबंधित) रक्ततपासणी, थायरॉइड, पिशवीचा आकार. काही डॉक्टर तिसऱ्यापर्यंत थांबतात, पण युरोपातल्या तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं दोन झाल्यावरच तपासा म्हणतात.

बाकीच्यांसाठी, हल्ली बऱ्याच ठिकाणी गोळ्यांनी किंवा हाताच्या व्हॅक्यूमने पिशवी रिकामी करतात, खरवडायची गरज प्रत्येकीला नसते. पर्याय विचारा. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं का ते लगेच विचारा, ते ७२ तासांत द्यायचं असतं. तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललं तर सकाळची वाट न बघता निघा. आणि एक कोणीच सांगत नाही, चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलं असेल तर दूध येऊ शकतं. बाई मोरीत उभी राहून ब्लाऊज भिजलेला बघते आणि कोसळते. त्याला औषध आहे, आधी सांगितलं तर निदान धक्का तरी बसत नाही.

निशिगंध३७

सिस्टर, हे सगळं एका कागदावर का मावत नाही? आणि फॉलिक अ‍ॅसिड? मला ते बंद करा म्हणून सांगितलं होतं.

रात्रपाळीची सिस्टर

चान्स घ्यायचाय तर बंद करायचं कारण नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस जायच्या निदान महिनाभर आधीपासून. ज्यांना शुगर आहे, फिटची औषधं चालू आहेत, किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष होता त्यांना डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात.

मुळाकाठची

मावशी, तुमच्या पुतणीवर मी परत परत विचार केला. तिला आराम मिळाला हे चांगलंच झालं. पण तो आराम मिळवायला निशिगंधसारखीला खोटं कारण का सांगायचं? नोकरी करणाऱ्या बाईला आधी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मिसकॅरेजनंतर सहा आठवडे भरपगारी रजा लिहिलेली आहे, वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असलं आणि डॉक्टरचा दाखला दिला की. किती जणी मागतात? माझ्या ऑफिसात एचआरलाच माहीत नव्हतं, मी कलम दाखवलं तेव्हा मिळाली. डॉक्टरांनी ही रजेची चिठ्ठी हातात द्यावी.

कर्वेनगरची मावशी

तुझ्या ऑफिसला एचआर आहे म्हणून. माझ्याकडे पोळ्यांना येते तिचं मागच्या पावसाळ्यात गेलं, चौथ्या दिवशी कामावर हजर. मी घरी पाठवलं पगार न कापता, पण तिची अजून चार घरं आहेत. तिला कुठला कायदा सहा आठवडे देणार? आणि तिच्या नवऱ्याला गुणसूत्रं सांगून कळणार नाहीत. ‘डॉक्टरांनी तीन महिने जवळ येऊ नको सांगितलंय’ एवढं मात्र कळतं. मी तर म्हणते असंच सांगत राहावं.

मुळाकाठची

आणि त्याने नाही ऐकलं तर? दोन आठवड्यांत बीज बाहेर पडू शकतं हे वर लिहिलंय. तीन महिने तोंडाने सांगायचं आणि साधन काहीच द्यायचं नाही, यात तिचं रक्षण कुठे झालं? तिला थांबायचं असेल तर गर्भनिरोधक त्याच दिवशी सुरू करता येतं. सरकारी दवाखान्यात तांबी (कॉपर-टी) फुकट बसवतात, गोळ्या फुकट, आणि ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन २०१७ पासून आहे, एकदा घेतलं की तीन महिने, नवऱ्याला सांगायचीही गरज नाही. फक्त लवकर मूल हवं असलेल्या बाईने अंतरा घेऊ नये, कारण थांबवल्यावर पाळी रुळावर यायला बरेच महिने जाऊ शकतात. मावशी, तुमच्या पोळ्यांच्या बाईंना कोणी हे सांगितलं होतं का?

कर्वेनगरची मावशी

नाही सांगितलं. उद्या सकाळी येईल तेव्हा मी विचारते तिला काय हवंय ते. कुठल्या दवाखान्यात कुठल्या वारी जायचं तेवढं सिस्टरनी लिहावं, वारज्यात राहते ती.