जुनं एअर पिस्तूल: आधी ओ-रिंग बघा
सेकंडहँड पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) पिस्तुलाचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या शॉट्सचा पुंजका, १० मीटरवर पसरतोय आणि मधूनच एखादा शॉट खाली बसतोय, म्हणून लगेच बॅरल बदलायला निघू नका. असा खाली बसणारा शॉट बहुधा हवा गळतेय म्हणून. पेलेट (छर्रा) भरा, ब्रीचच्या (बॅरलचं मागचं टोक, जिथे पेलेट भरतो) फटीवर टिश्यूची बारीक पट्टी ठेवा आणि टार्गेटवरच फायर करा. पट्टी फडफडली तर ओ-रिंग (तिथली हवा अडवणारी रबरी कडी) गेली. नवीला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावा. साधं तेल अजिबात नको.

मग साइटचे स्क्रू आवळा, फेल्टने बॅरल पुसा (नाशिकच्या पावसाळ्यात हे टाळूच नका). त्यानंतर पिस्तूल टेकवून ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी हेडच्या (पेलेटच्या डोक्याचा व्यास) पेलेटचे पाच-पाच शॉट मारा आणि कोणत्याचा ग्रुप घट्ट बसतो ते बघा.

आणि हवेच्या सिलिंडरवरची बनावटीची तारीख वाचा. १० वर्षं उलटली असतील तर त्यात हवा भरूच नका, कळकळीने सांगतो.